बंधाऱ्याचे बर्गे आणि फाइलचा मुक्काम

संपादक महोदय,

परतीचा पाऊस ओसरला की आमच्या माणदेशात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे गाळ्यांत बसवून पाणी अडवायच्या फळ्या, घालायची लगबग सुरू होते. ओढा वाहतो तो मोजके दिवस. तेवढ्यात पाणी अडले तर शाळू (रब्बी ज्वारी) पदरात पडतो आणि विहिरींचा पाझर टिकतो. आमच्या गावच्या बंधाऱ्याचे बर्गे गंजून त्यांची चाळण झाली आहे. ग्रामसभेने पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरायच्या) निधीतून दुरुस्ती आराखड्यात घेतली. पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यावर होते. तरी सलग दोन वर्षे पाणी डोळ्यांदेखत वाहून गेले.

अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेला गेले, ते जागेचा फोटो नाही म्हणून परत आले. फोटो जोडला, तर सरकारी दरसूची बदलली होती. अंदाजपत्रकातली ती दुरुस्ती होईपर्यंत शाखा अभियंत्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांना जागा पुन्हा पाहायची होती. एकेक त्रुटी खरी असेलही. पण फोटो आणि दरसूची एकाच दिवशी, एकाच कागदावर सांगायला काय हरकत होती? गेल्या वर्षी शेवटी आम्ही सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून गाळे बुजवले. साठीच्या बायाही पोती ओढत होत्या. तीन आठवड्यांत पोती फुटली.

वित्त आयोगाचा निधी केंद्राकडून आल्यावर राज्याने १० कामकाजाच्या दिवसांत पुढे पाठवायचा, उशीर झाल्यास व्याजासह, असे बंधन आहे. म्हणजे पैसा गावापर्यंत पळत येतो आणि गावात आल्यावर सहीसाठी अडतो. शासकीय कामातील विलंबाला आळा घालणारा २००५चा कायदा महाराष्ट्रानेच केला. कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे त्यात म्हटले आहे. पंचायत समितीच्या प्रत्येक टेबलावर हा दंडक पाळला जावा. फाइल कोणाकडे, कोणत्या तारखेपासून आहे, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. आणि पाणी अडवण्याच्या कामांना मे अखेरपर्यंत मान्यता मिळालीच पाहिजे, कारण पाऊस कोणाच्या सहीसाठी थांबत नाही.

आमची फाइल आजही मान्यतेच्या टेबलावर आहे. ऑक्टोबर तोंडावर आला आहे. संबंधितांनी निदान यंदा तरी लक्ष घालावे, ही कळकळीची विनंती.

– एक माजी ग्रामपंचायत सदस्य, माणदेश