‘रेघ तूच मार’ म्हणणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

हे पत्र नातू तुम्हाला वाचून दाखवेल. नाव-गाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. मालवणजवळचा देवबागचा संगम, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून फार लांब नाही, एवढंच इतरांना सांगते.

होडी पुन्हा पाण्यात गेली, काका. कर्लीच्या खाडीत, भरतीच्या वेळी. सांगाडा थोडा कुरकुरला, पण तो कुरकुरायलाच हवा. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे, पण लिहायला बसलं की आधी रागच येतो. तो तुमच्यावर नाही, हे वेगळं सांगायला नको. आधी जे भेटले त्यांच्यावर आहे.

वाचणाऱ्यांना होडी कसली ते कळायला हवं. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांच्या पद्धतीची ही कयाक मी घरी बांधली. लाकडाचा हलका सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं कातडं. ते लोक सीलचं कातडं वापरत, माझ्या होडीवर नायलॉनचं कापड आणि वर लेप. आतल्या बरगड्या तुतीच्या, हॉकीच्या काठ्या ज्याच्या होतात त्या लाकडाच्या. खिळा नाही, स्क्रू नाही. लाकडी खुंट्या आणि मेणाच्या दोऱ्याचे वेढे. लाट आली की सगळा सांगाडा किंचित मुरडतो, आणि मुरडतो म्हणूनच टिकतो.

हेच पुण्यातल्या त्या फर्निचरवाल्याला मी समजावून सांगितलं होतं. एक बरगडी तडकली होती, तेवढीच बदलायची होती. “ठेवून जा मॅडम, संध्याकाळी न्या.” संध्याकाळी गेले तर माझे वेढे कापून केरात टाकलेले, जागोजाग स्क्रू पिळलेले आणि कोपऱ्यांत प्लायचे त्रिकोण ठोकलेले. वर, “आता जागची हलणार नाही!” खरंच हलली नाही. देवबागच्या मुखाशी फुटती लाट आडवी आली, आणि जिथे जिथे स्क्रूचं भोक तिथेच बरगड्या मोडल्या, सोबत बाजूची लांब पट्टीही गेली. खाऱ्या पाण्याने स्क्रू गंजून भोवतीचं लाकूड काळं पडलं होतं, ते तेव्हा दिसलं. किनाऱ्यावर एकाने व्हॉट्सॲपवर फोटो मागवला आणि मग फोनच उचलला नाही. दुसरा हसला. “शाळेचं प्रोजेक्ट समुद्रात कशाला आणलंत? फायबरची घ्या.”

आणि मग तुमचा मांगर, होड्या दुरुस्त करायची ती शेड. तुमच्याकडेही आता येतं ते बहुतेक फायबरचंच काम, आत शिरताच रेझिनचा वास आला. म्हटलं, इथेही तेच ऐकायचं. तुम्ही होडीभोवती एक फेरी मारलीत आणि विचारलंत, लांबी किती वाव? मी म्हटलं, तीन, माझ्याच पसरलेल्या दोन हातांचे. रुंदी कमरेएवढी आणि वर दोन मुठी. ग्रीनलंडला असंच मोजतात. तुम्ही मान डोलावलीत. “बरोबर आसा. अंगाच्या मापान केलेली होडी.” मी किती जणांना हे सांगून थकले होते, आणि तुम्हाला सांगावंच लागलं नाही!

पण हे पत्र त्यासाठीही नाही. ते पेन्सिलीसाठी आहे.

खराब लाकूड कुठवर कापायचं, हे तुम्हाला दिसतच होतं. बोटाच्या पेराने ठोकून, नखाने खरवडून तुम्ही ते केव्हाच ठरवलं असणार. तरी करवत उचलली नाहीत. कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिलीत. “होडी तू बांधलंस मां? मगे रेघ तूच मार.”

मी मारली. तुम्ही वाकून पाहिलंत, म्हणालात, “दोन बोटां फुडे घे गो, थंय लाकूड काळां पडलां.” मी परत मारली. आणि तुम्ही त्या रेघेला धरून करवत चालवलीत, रेघ शिल्लक ठेवून.

काका, तोवर त्या होडीची मालकीण मी फक्त पैसे देण्यापुरती होते. ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं तो आपल्याला विचारतो, असं किती वेळा होतं? दवाखान्यात होत नाही, बँकेत होत नाही, घराला रंग द्यायला माणसं येतात तेव्हाही होत नाही. चांगुलपणा म्हटलं की लोकांना अन्नदान आणि लाखाच्या देणग्या आठवतात. मला इथून पुढे कानावरची पेन्सिल आठवणार आहे.

बाकी कामाचं काय सांगू? सरळ फळी वाकवण्यापेक्षा तुम्ही भेंडीच्या झाडाची (भाजीची भेंडी नव्हे) मुळातच वाकडी फांदी शोधलीत, म्हणजे लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळतात, मध्येच तुटत नाहीत. ग्रीनलंडला झाडं जवळजवळ नाहीतच, सैबेरियाच्या नद्यांतून वाहत आलेले ओंडके समुद्र त्यांना आणून देतो, असं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर तुम्ही एवढंच विचारलंत, “थंय मासळी खंयची गावता?”

मजुरी तुम्ही घेतलीत, पुरी घेतलीत, एक रुपया जास्त नाही. तेही बरं केलंत. फुकट केलं असतंत तर पुन्हा यायला मला संकोच वाटला असता.

नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवला की येते. नातवाला बसायचंय ना, त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट आणते. आणि आढ्याला टांगलेली ती दुसरी फांदी माझी आहे, काकींना सांगून ठेवा. चुलीत जायला नको.

तुमची,
पुण्याची होडीवाली