योकची बांधणी आणि 'डेडझोन वाढवा' या उत्तराबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फ्लाइट सिम्युलेटरचा योक आठ महिन्यांत खराब झाल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा योक (सिम्युलेटरमधले विमान चालवायचे हाताचे सुकाणू) मी आठ महिन्यांपूर्वी घेतला. वॉरंटी दोन वर्षांची आहे. आपलेच रडर पेडल माझ्याकडे चार वर्षे बिनतक्रार चालले आहेत, म्हणून फार चौकशी न करता हा घेतला होता.

योक मध्यावर सोडून दोन्ही हात बाजूला घेतले, तरी कॅलिब्रेशनच्या खिडकीत एलेव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या अक्षाची, खूण थरथरत राहते. आपल्या माहितीपत्रकात या अक्षाच्या 1024 पायऱ्या दिल्या आहेत. त्यांतल्या चाळीसेक या थरथरण्यातच जातात. शिवाय दांडा जिथे प्लॅस्टिकच्या बुशमधून (आधार देणाऱ्या नळीतून) सरकतो, तिथे बोट फिरवले की पांढरी भुकटी लागते. म्हणजे बुश झिजतो आहे. योक आधी अडतो, जोर लावला की एकदम सुटतो.

याचा त्रास सर्वांत जास्त होतो तो उतरताना. सेसना 172 घेऊन 65 नॉटच्या आसपास फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, यावे, ट्रिम (योकवर जोर न लावता विमान स्थिर ठेवणारी जुळवणी) नीट बसलेला असावा, धावपट्टी जवळ आल्यावर नाक अगदी हळूहळू उचलायचे असते. तिथे बोटभर ओढायला जावे तर योक अडतो, मग झटक्यात दोन बोटे मागे येतो आणि विमान वर उसळते. कित्येक संध्याकाळी मी स्वतःचाच हात कच्चा समजून सराव करत राहिलो. मित्राच्या योकवर तेच लँडिंग पहिल्या फेरीत जमले, तेव्हा दोष कुठे आहे ते कळले. याचे मला खरोखर वाईट वाटते.

मी कळवल्यावर आपल्याकडून उत्तर आले : डेडझोन (मध्याभोवतीचा, हालचाल मोजलीच जात नाही असा भाग) वाढवा. त्याने थरथर दिसेनाशी होईल, पण मध्याभोवतीची बारीक हालचालही मरेल, आणि ट्रिम केलेले विमान तर तिथेच सांभाळायचे असते. शिवाय बुशचे काय?

पुढच्या पट्टीला धातू, बटणांना दिवे, आणि हाताचा सगळा भार जिथे येतो तिथे पातळ प्लॅस्टिक. आत हालचाल मोजायला कार्बन पट्टीवर घासणारा पोटेन्शिओमीटर. तो घासणार, झिजणार, हे आपल्या अभियंत्यांना ठाऊक असणारच. त्याच्या जागी लावता येणारा हॉल सेन्सर चुंबकाचे क्षेत्र मोजतो, त्यात घासण्यासारखे काही नसते. दिवे नसते तरी मला चालले असते. या किमतीत सेन्सर आणि बेअरिंग चांगले हवे होते.

योक बदलून द्यावा, किंवा नवा बुश व सेन्सर पाठवावा. मी स्वतः बसवून घेईन, मात्र पेटी उघडली म्हणून वॉरंटी रद्द होणार नाही असे लेखी द्यावे. दोन्ही शक्य नसेल तर पैसे परत करावेत. परत पाठवण्याचा खर्च मी करणार नाही.

थरथरणाऱ्या खुणेचा व्हिडिओ, दांड्याचे दोन फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत उत्तर द्यावे.

आपला,
एक ग्राहक