ताओ नानची जुनी शाळा

सिंगापूर, रविवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आम्ही तिघंही मजेत आहोत. आई, फोनवर आवाज बसलेला वाटला तो एसीमुळे. ताप वगैरे काही नाही.

चिऊच्या शाळेचं होईल, काळजी नको. इथं पहिलीचा प्रवेश टप्प्याटप्प्यानं होतो. आधी ज्यांची भावंडं त्या शाळेत आहेत ते. मग ज्या आईवडिलांनी शाळेत 40 तास फुकट काम केलंय ते: मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, वाचनालयात पुस्तकं लावायची. मग आमच्यासारखे. त्यातही नागरिक पहिले, आणि घर 1 किलोमीटरच्या आत असलं तर आणखी बरं. तरी जागा कमी पडल्या तर चिठ्ठ्या! शाळेसाठी लोक घरं बदलतात.

काल चिऊला ताओ नान शाळेची आर्मेनियन स्ट्रीटवरची जुनी इमारत दाखवली. बाबा, तुमची रयत शिक्षण संस्था आठवली. चीनच्या फुजियान प्रांतातून पोटासाठी आलेल्या होक्कियन लोकांनी 1906 मध्ये ही शाळा काढली. जावातल्या एका साखर व्यापाऱ्यानं मोठी देणगी दिली, 1912 मध्ये इमारत उभी राहिली. मध्ये चौक, भोवती वर्ग, अगदी वाड्यासारखी. 1982 मध्ये शाळा मरीन परेडला गेली, आता इथं संग्रहालय आहे. चिऊ मण्यांच्या चपलांपाशी खिळून उभी होती.

1916 मध्ये या लोकांनी शाळेत आपली होक्कियन बोली सोडून मँडरिन आणली, सगळ्या चिनी मुलांना एकत्र शिकता यावं म्हणून. केवढं मोठं मन लागलं असेल! आई, तू विचारतेस ना, चिऊ मराठी विसरेल का? इथल्या मातृभाषांच्या यादीत मराठी नाही, शाळेत ती हिंदी घेईल. पण रात्रीची गोष्ट मी मराठीतच सांगतो, एकही दिवस चुकवत नाही.

शाळेचं नाव एका जुन्या गोष्टीवरून आहे: ताओ म्हणजे मार्ग, विद्या; नान म्हणजे दक्षिण. शिष्य शिकून दक्षिणेला आपल्या घरी निघाला, तेव्हा गुरू म्हणाले, माझी विद्या दक्षिणेला चालली. तो घरी परत चालला होता, हे कळल्यावर मी तिथंच पायरीवर बसलो.

हॉलचे पैसे शुक्रवारी पाठवलेत, बँकेत बघून घ्या. दागिन्यांचे पुढच्या महिन्यात. सुमीच्या साखरपुड्याला मात्र येणं जमत नाही. रजा लग्नासाठी राखून ठेवलीय. तिला तुम्ही सांगू नका, मीच सांगतो. आणि कानपिळीला दुसऱ्या कुणाला उभं करू नका, मी येतोय.

तुमचा,
दीपक