भुंगा डसला होता, एवढंच

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आपण कोकणीतून भांडतो आणि पत्रं मराठीतून लिहितो, म्हणून हे मराठीत. फोन केला असता तर बाबांनी तिसऱ्या वाक्याला तो आईच्या हातात दिला असता.

वाईट ते आधी सांगून टाकतो. कुळागराची, आपल्या पोफळीच्या बागेची, काकांशी चाललेली केस मी पुढे चालवणार नाही. परवा काकांच्या शेखरदादाला तसं कळवलं, वकिलांना तडजोडीचा मसुदा करायला सांगितला. बाबा, मुखत्यारपत्र तुम्ही विश्वासानं दिलं होतं आणि मी ते असं वापरलं. रागवा, पण जेवून मग रागवा. गेल्या तारखेला कोर्टाच्या जिन्यावर तुम्हाला घेरी आली, हे मला तुम्ही दोघांनी सांगितलं नाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं.

झर आपल्याकडेच राहते. घराजवळच्या पोफळी राहतात. जायफळाचं मोठं झाड कुठल्या बाजूला येतं ते मी दोनदा विचारून घेतलं, आपल्याच बाजूला येतं. पाटाखालचा तुकडा तेवढा जातो, आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर काकांचं नाव होतंच. शिवाय माझी नोकरी इथे, रजा मिळत नाहीत, एकवीस वर्षांत वकिलांना दिलेल्या पैशांत... असो. दोन दिवस अशीच कारणं घोकतोय. खरं कारण एक चित्रांचं पुस्तक आहे. हसू नका.

ईराला पाचव्या वाढदिवसाला फर्डिनांड आणला. म्हणजे आपला फेर्नांद. आठवतं ना? मामानं मला धिरयो, बैलांची झुंज, बघायला नेलं होतं, कापणी झालेल्या शेतात. हरलेला बैल पाठ फिरवून माणसांतून उधळला आणि पुढे चार रात्री मी झोपेत ओरडत होतो. तेव्हा बाबा शाळा सुटल्यावर बस धरून पणजीला गेले आणि सेंट्रल लायब्ररीतून हे पुस्तक घेऊन आले. पानावर इंग्रजी, तोंडात कोकणी. स्पेनमधला बैल, बाकीची वासरं डोकी आपटत असताना झाडाखाली बसून फुलं हुंगणारा. झाड होतं कॉर्कचं, ते तुम्ही बुचाचं करून टाकलंत, आणि चित्रात तर फांद्यांना बाटलीची बुचं घोसानं लटकलेली! शाळेमागच्या बुचाखाली मी आठवडाभर बुचं शोधली. पांढरी फुलंच मिळाली. तीच आईला आणून दिली.

बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. मन्रो लीफनं ही गोष्ट तासाभरात लिहिली, आपला मित्र रॉबर्ट लॉसन याला चित्रं काढायला काहीतरी हवं म्हणून. कुत्री, ससे, उंदीर सगळ्यांनी काढून झाले होते, म्हणून बैल. पुस्तक आलं 1936 मध्ये, स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर दोनच महिन्यांनी. मग काय, एका बैलानं झुंजायचं नाकारलं तर माणसं पिसाळली. स्पेनमध्ये बंदी आली, हिटलरच्या जर्मनीत प्रती जाळल्या. आणि ते अजून छापलं जातंय. चित्रांना रंगसुद्धा नाही, नुसत्या काळ्या रेघा. ईराकडे रंगीत पुस्तकांचा ढीग आहे, पण झोपताना हेच काढते.

तिला वाचून दाखवताना एका पानावर माझा आवाज अडकला. आईचं पान नव्हे. (ते येतंच. आई काळजी करते, हा एकटा पडेल म्हणून. मग बघते की एकटेपणा त्याला वाटतच नाही, आणि त्याला बसू देते. गाय असून समजूतदार, असं वाचून बाबा तुझ्याकडे बघायचे आणि तू हातातलं फडकं फेकायचीस.) मी अडकलो भुंग्याच्या पानावर. फेर्नांद चुकून भुंग्यावर बसतो, भुंगा डसतो, तो वेदनेनं उड्या मारतो, फुरफुरतो. बैल निवडायला आलेल्या पाच जणांना वाटतं, यापेक्षा तापट बैल जगात नाही. आणि गाडीत घालून त्याला झुंजीसाठी माद्रिदला नेतात.

बाबा, आजीच्या बाराव्याला काका जो शब्द बोलले, तो भुंगा होता. तुम्ही उठलात, कधी नव्हे ते ओरडलात, आणि सगळे म्हणाले, मास्तर पेटला. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी वकिलाचा पत्ता दिला. तुम्ही झुंजणारे नव्हता कधीच. वर्गात छडीसुद्धा टेबलावरच आपटायचात. शब्द वाईट होता, तो मी पुसत नाही. काकांनी तो मागे घ्यायला हवा होता, आता ते बोलण्याच्या स्थितीत राहिलेले नाहीत. शेखरदादा फोनवर बराच वेळ गप्प होता. मग तुमच्याबद्दल एवढंच विचारलं, "भाई आता बरे आहेत ना?"

आई, आपल्या गोव्याच्या कायद्यानं बाबांच्या मालमत्तेत तुझा अर्धा वाटा, त्यामुळे कागदावर तुझीही सही लागेल. तू केलीस तरच पुढे जाईल. घाई नाही. पण कर.

आता ऐका. प्रेशरची गोळी सकाळी पेजेबरोबर, दुपारी आठवण झाल्यावर नव्हे. बाबांनी पावसात पाटावर जायचं नाही, शेवाळ आहे. पाणी सोडायला गड्याला सांगा, पैसे मी पाठवतो. पेजेबरोबरचं लोणचं अर्धं करा. बरं, रविवारी खा. न्हाणीत धरायला दांडी बसवायला सुतार येईल, त्याला परत पाठवू नका. आईनं गॅसच्या टाकीला हात लावायचा नाही.

चवथीला आम्ही तिघं तीन दिवस आधीच येतो. माटोळीचं, गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान या वेळी दोन्हीकडचं एकत्र काढायचं, असं दादा म्हणाला. मी हो म्हटलेलं नाही. तुम्हाला विचारून सांगतो म्हटलं.

ईरानं काल विचारलं, फेर्नांद घरी आला, पण त्याच्याखाली चेंगरलेल्या भुंग्याचं काय झालं? पुस्तकात ते नाही. मी म्हटलं, आजोबांना विचारू. तेव्हा काहीतरी तयार ठेवा, कोकणीतून.

तुमचा,
बाबू