नव्या रिसीव्हरचे कौतुक ठीक, पण झेलांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिलअखेर एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंची फेऱ्याफेऱ्यांनी होणारी निवड, उरकला, की अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांना एकच विषय पुरतो: आपल्या संघाने उचललेला नवा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, जो पंटही (समोरच्या संघाने लाथेने उंच मारलेला चेंडू) परत आणतो. त्याचे कॉलेजातले एखादे लांबलचक टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, नेणे) सगळ्यांनी दहादा पाहिलेले असते आणि चाळीस यार्ड धावण्याची वेळ तोंडपाठ झालेली असते. क्रीडा पानावरही हेच छापून येते. पंट रिटर्नर जोखायला ही दोन्ही मापे तोकडी आहेत आणि कामाची मापे कुठेच दिसत नाहीत, म्हणून हे पत्र.

आधी वेळेचा हिशेब पाहू. पंटर, म्हणजे लाथ मारणारा, स्क्रिमेज रेषेच्या (जिथून खेळ सुरू होतो) साधारण 15 यार्ड मागे उभा असतो. स्नॅप, म्हणजे रेषेवरून मागे फेकलेला चेंडू, त्याच्या हातात पडायला पाऊण सेकंद लागतो आणि चेंडूला पाय लागेपर्यंत आणखी सव्वा सेकंद जातो. चांगला पंट हवेत साडेचार सेकंद राहतो. एनएफएलच्या नियमानुसार पंट करणाऱ्या संघातले फक्त दोन टोकांचे खेळाडू, म्हणजे गनर, स्नॅपबरोबर पुढे पळू शकतात. बाकीच्यांना लाथ बसेपर्यंत रेषेपाशीच थांबावे लागते. म्हणजे गनरला सगळे मिळून साडेसहा सेकंद मिळतात. एवढ्या वेळात 45 यार्ड तो आरामात कापतो, म्हणून तर एकेका गनरवर बहुधा दोन-दोन माणसे लावतात. त्यांतला एक जरी निसटला, तरी रिटर्नर कितीही वेगवान असो, चेंडू हातात पडण्याआधीच समोर माणूस उभा असतो. कॉलेजात पंट करणाऱ्या संघातल्या सगळ्यांनाच स्नॅपबरोबर निघता येते, त्यामुळे तिथली रचना आणि अडवण्याची पद्धत मुळातच वेगळी असते. तिथली मोकळी जागा पाहून इथला अंदाज बांधणे धोक्याचे.

आता झेल. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरचा उंच झेल अवघड मानतात. इथे चेंडू लांबट, फिरता, आणि तो खाली येईपर्यंत अंगावर माणसे धावून येत असतात. चेंडूचे टोक वरच राहिले तर तो अलीकडे पडतो, टोक पालथे होऊन खाली वळले तर आणखी पुढे वाहत जातो. डावऱ्या पायाच्या पंटरचा चेंडू उलटा फिरतो आणि उलट्या बाजूला सरकतो. उजव्या पायाच्या लाथांची सवय झालेला नवखा इथे हमखास चुकतो. मुरलेला रिटर्नर टोक पाहून आधी पाय हलवतो, चेंडूच्या खाली जाऊन थांबतो, एकदाच नजर खाली टाकून गनर किती लांब आहेत ते बघतो, आणि कोपरे अंगाशी घेऊन चेंडू छातीपाशी घेतो. रिसीव्हरची सवय याच्या नेमकी उलट, हात लांब करून बोटांनी चेंडू टिपण्याची. पंट निसटतात ते बहुतेक वेळा अशा लांब केलेल्या हातांतून, किंवा झेल पुरा होण्याआधीच डोळे पळायची वाट शोधू लागले म्हणून.

चेंडू हाताला लागून निसटला, की तो पंट करणाऱ्या संघाने उचलला तरी त्यांना तो घेऊन पुढे पळता येत नाही, पण ताबा त्यांचा होतो. सामना फिरायला तेवढे पुरते. म्हणून निर्णय हा कौशल्याचा मोठा भाग. हात डोक्यावर पूर्ण उंच करून हलवला की फेअर कॅच: झेलात अडथळा आणला तर 15 यार्डांचा दंड, पण झेलल्यावर पळायचे नाही. बरेच प्रशिक्षक रिटर्नरला टाचा दहा यार्डांच्या रेषेवर ठेवून मागे न सरकण्याची सक्त ताकीद देतात. डोक्यावरून गेलेला चेंडू टप्पा खात एंड झोनमध्ये गेला तर टचबॅक, आणि खेळ आपल्या 20 यार्डांवरून. चेंडू आखूड पडून वेडावाकडा उसळू लागला, तर ‘पीटर, पीटर’ असे ओरडून समोरच्यांना अडवणाऱ्या आपल्याच ब्लॉकरना लांब पळवायचे, कारण त्यांच्या पायाला ओझरता लागला तरी तो जिवंत होतो, म्हणजे समोरच्या संघालाही त्याचा ताबा घेता येतो. व्हिडिओच्या तुकड्यांत यातले काहीही दिसत नाही.

स्काय मूरचे उदाहरण ताजेच म्हणायचे. कॅन्सस सिटी चीफ्सने 2022 मध्ये त्याला दुसऱ्या फेरीत, 54 व्या क्रमांकावर घेतले आणि लगेच पंटवर उभे केले. तिसऱ्या आठवड्यात इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध त्याच्या हातून पंट निसटला, कोल्ट्सने त्यावर टचडाउन केले, आणि चीफ्स 17-20 हरले. पुढेही तसे घडले आणि ते काम त्याच्याकडून गेले. त्याच मोसमाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, चीफ्सच्याच कडेरियस टोनीने पंट 65 यार्ड परत आणला, सुपर बोलमधला सर्वांत लांब, आणि त्यानंतर लगेच टचडाउन पास झेलला तो मूरनेच. माणूस झेल घेण्यात कच्चा नव्हता, पंट झेलणे हे कामच निराळे आहे.

डेव्हिन हेस्टरचा दाखला हटकून दिला जातो. शिकागो बेअर्सने त्याला 2006 मध्ये दुसऱ्या फेरीत घेतले आणि 2024 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. पंटवरची 14 टचडाउन हा त्याचा विक्रम. पण ती 315 रिटर्नमध्ये मिळून, म्हणजे सर्वश्रेष्ठ रिटर्नरलाही साधारण बाविसातून एक. सरासरी 11.7 यार्ड. नवख्याने पंटमागे आठ-नऊ यार्ड आणले आणि चेंडू कधी सोडला नाही, तर तक्रारीला जागा नाही.

मग संघ असा खेळाडू घेतात तरी कशाला? संघात 53 जण, सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त 48. पाचव्या-सहाव्या रिसीव्हरने नुसते पास झेलून भागत नाही, त्याला दुसरे काम यावेच लागते. ज्युलियन एडेलमन हा कॉलेजातला क्वार्टरबॅक (पास फेकणारा), 2009 मध्ये सातव्या फेरीत आला, पंट परत आणत संघात टिकला आणि पुढे सुपर बोलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला. टायरीक हिल पाचव्या फेरीतला, 2016 चा. रिसीव्हर म्हणून तो इतका मोलाचा ठरला, की दुखापतीच्या भीतीने त्याला पंटवरून काढले. नवा खेळाडू फारच चांगला निघाला, तर चाहत्यांना त्याचे रिटर्न फार दिवस पाहायला मिळणार नाहीत, अशी ही गंमत आहे.

किकऑफच्या, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या किकच्या, आकड्यांची यात सरमिसळ नको. 2024 पासून तिथे दोन्ही संघांचे बहुतेक खेळाडू जवळ-जवळ उभे राहतात आणि चेंडू पडेपर्यंत किंवा झेलला जाईपर्यंत जागचे हलत नाहीत. 2025 पासून एंड झोनमध्ये थेट पडलेल्या किकवर टचबॅक 35 यार्डांवर आल्याने रिटर्नही वाढले. पंटसारखे मान वर करून अंगावर माणसे झेलण्याचे ते काम नव्हे.

तेव्हा संपादक महोदय, ऑगस्टच्या सराव सामन्यांचे वृत्त देताना या खेळाडूंसाठी एक छोटी चौकट द्यावी: किती पंट आले, किती झेलले, किती फेअर कॅच, किती खाली पडू दिले आणि त्यामुळे किती यार्ड गेले, किती हातून सुटले. खाली पडू दिलेल्या पंटचा रकाना वगळू नये. टप्पा खाऊन पंधरा यार्ड पुढे घरंगळलेला पंट रिटर्नरच्या नावावर कुठेच लागत नाही, संघाला मात्र तो पुरता भोवतो.

आपला,
एक नियमित वाचक