ट्रेलरच्या विम्यासाठी काकांचे मनःपूर्वक आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या कॅम्पर ट्रेलरची (गाडीमागे ओढून न्यायच्या आणि उघडल्यावर तंबू होणाऱ्या ट्रेलरची) विमा पॉलिसी सुरू झाली असून सर्व कागद हाती आले आहेत. त्या कामी आपण आपली सुट्टी खर्ची घातलीत. त्याबद्दल फोनवर दोन शब्द बोलून थांबणे मला योग्य वाटले नाही. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण मेलबर्नमधील आमच्या ओळखीची अनेक मराठी कुटुंबे आता मुलाबाळांसह ट्रेलर घेऊन बाहेर पडू लागली आहेत, आणि आपण आम्हाला जे समजावून सांगितलेत त्याची गरज त्यांनाही आहे.

आम्ही आपल्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वार्षिक हप्त्यांचे आकडे घेऊन आलो होतो. आकडे सर्वांत शेवटी पाहू, असे सांगून आपण आम्हाला ट्रेलर रिकामा करायला लावलात. ड्राइव्हवेमध्ये ताडपत्री अंथरून त्यावर बारा व्होल्टचा फ्रिज, गॅसची शेगडी, कुकर, स्लीपिंग बॅगा, घडीच्या खुर्च्या, घडीचे सोलर पॅनेल, मुलांच्या सायकली, कॅमेरा असे सगळे मांडून झाल्यावर आपण एकेका वस्तूकडे बोट दाखवून एकच प्रश्न विचारत होतात : "हे काढायला पाना लागतो का?" बोल्टने पक्की बसवलेली वस्तू बहुतेक पॉलिसींमध्ये ट्रेलरचाच भाग धरली जाते. सुटी वस्तू सामानात मोडते, आणि सामानाला स्वतंत्र मर्यादा असते. त्यामुळे छतावर बसवलेले सोलर पॅनेल एका रकान्यात गेले आणि तसेच काम करणारे घडीचे पॅनेल दुसऱ्यात. तंबूला जोडायच्या कापडी पडवीसाठी काही पॉलिसींमध्ये वेगळी मर्यादा असते, म्हणून तिला आपण स्वतंत्र ओळ दिलीत. घरातून नेऊन घरी परत आणायच्या कॅमेरा, लॅपटॉप, फोन अशा वस्तूंचा रकाना तिसरा. या वस्तू अनेक ट्रेलर पॉलिसींमधून वगळलेल्या असतात किंवा त्यांना फार थोडी रक्कम मिळते. त्यांना घरसामानाच्या पॉलिसीत, घराबाहेर नेण्याच्या वस्तूंसाठीचे जादा संरक्षण घेऊन समाविष्ट करणे अधिक सोयीचे, हे आपण पॉलिसीच्या माहितीपुस्तिकेतील ओळ दाखवून पटवून दिलेत. प्रत्येक वस्तूपुढे आजच्या बाजारातली नवी किंमत लिहून बेरीज केली, तेव्हा पॉलिसीत आपोआप मिळणारी सामानाची रक्कम किती तोकडी आहे हे कोणी सांगण्याची गरज उरली नाही. सामानासाठीचे जादा संरक्षण आम्ही त्या बेरजेवरून घेतले.

चोरीच्या कलमावर आपण जितका वेळ थांबलात, तितका क्वचितच कोणी थांबत असेल. कारव्हॅनला भिंती असतात, दार असते, दाराला कुलूप असते. आमच्या ट्रेलरचा वरचा भाग कॅनव्हासचा आणि त्याचे दार म्हणजे एक झिप. सामानाची चोरी भरून मिळण्यासाठी ते कुलूपबंद जागेत असावे आणि कुलूप तोडल्याच्या खुणा दिसाव्यात, अशी अट पुष्कळ पॉलिसींत असते. आपण ती झिप हातात धरून वर-खाली केलीत आणि म्हणालात, "इथे तोडल्याची खूण कुठे उमटणार?" त्यानंतर आम्ही कंपनीला लेखी विचारले : तंबू उघडून उभा असताना आतील सामान कोणत्या परिस्थितीत संरक्षित असते? एका कंपनीचे उत्तर स्पष्ट होते, दुसरीचे गोलमाल. आमची निवड मुख्यतः त्या उत्तरावर झाली. फ्रिज आणि अवजारे आता पुढच्या पत्र्याच्या पेटीत कुलपात असतात, आणि घरी उभ्या ट्रेलरच्या कपलिंगलाही (गाडीला जोडायच्या भागालाही) कुलूप असते, कारण ट्रेलरच कोणी ओढून नेला तर काय, ही आपली पुढची शंका होती.

भारतातून आलेल्या माणसाला एक गोष्ट इथे हमखास गोंधळात टाकते, ती म्हणजे ट्रेलर गाडीला जोडला की गाडीचा विमा त्यालाही लागू झाला, ही समजूत. व्हिक्टोरियात गाडीच्या नोंदणीसोबत भरला जाणारा टीएसीचा (राज्याच्या वाहतूक अपघात आयोगाचा) आकार अपघातात माणसांना झालेल्या इजेसाठी असतो; मोडतोडीशी त्याचा संबंध नाही. ओढत नेलेल्या ट्रेलरमुळे दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर ते गाडीच्या पॉलिसीत बहुधा येते, परंतु खुद्द ट्रेलरचे नुकसान त्यात एक तर येत नाही, किंवा आले तरी अगदी थोड्या रकमेपुरते येते. आणि गाडीपासून सोडवून कॅम्पिंगच्या जागेवर उभा केलेला ट्रेलर उतारावरून घसरून कोणावर आदळला, तर ती जबाबदारी कोणाची? ट्रेलरच्या स्वतंत्र पॉलिसीतील कायदेशीर देण्याचे कलम त्यासाठी वाचायचे, हे आपल्यामुळे कळले.

विम्याच्या रकमेबाबत आपला सल्ला थोडक्यात होता, पण मोलाचा होता. भारतात गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी घोषित केलेली किंमत) दरवर्षी घसाऱ्याप्रमाणे उतरते, हे आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेले असते. इथे आधीच ठरवलेली रक्कम की नुकसानीच्या दिवशीची बाजारभावाची रक्कम, असा पर्याय अनेक कंपन्या देतात. जुन्या ट्रेलरला नवा कॅनव्हास, लिथियम बॅटरी आणि दणकट सस्पेन्शन बसवल्यावर त्याचा बाजारभाव ठरवणे म्हणजे वादाला निमंत्रण, म्हणून हप्ता थोडा वाढला तरी ठरलेली रक्कम घ्या, असे आपण सुचवलेत. ते सर्व बदल फोटो आणि पावत्यांसह कंपनीला कळवूनही ठेवले.

वजनाचा विषय विम्यात येईल असे वाटले नव्हते. ट्रेलरच्या पाटीवरील कमाल वजन, गाडीची ओढण्याची क्षमता आणि टो-बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर) येणारा भार हे तीनही आकडे आपण मुलांकडून मोठ्याने वाचून घेतलेत. साडेसातशे किलोपर्यंतचा ट्रेलर ब्रेकशिवाय चालतो. त्यापुढे ब्रेक हवेत, आणि २,००० किलोंच्या वर सर्व चाकांना ब्रेक व ट्रेलर तुटून सुटल्यास ते आपोआप लावणारी यंत्रणा हवी. पाण्याची टाकी भरून, सामान लादून वजनकाट्यावर जाऊन या, म्हणजे कागदावरचे वजन आणि रस्त्यावरचे वजन यांतला फरक कळेल, असे आपण म्हणालात. जादा भाराने झालेल्या अपघातात कंपनी दावा नाकारू शकते, हे खरेच. पण १९८४च्या विमा करार कायद्याच्या ५४व्या कलमाची माहितीही आपण आवर्जून दिलीत : पॉलिसी घेतल्यानंतरची ग्राहकाची एखादी चूक नुकसानीला कारणीभूत ठरूच शकत नसेल, तर तेवढ्यावरून कंपनीला दावा सरसकट झटकून टाकता येत नाही. ग्राहकाला घाबरवून सोडणारे पुष्कळ भेटतात, काका. त्याचे हक्कही त्याच दमात सांगणारे आपल्यासारखे विरळा.

आम्हाला पुढे कधीतरी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातील गिब रिव्हर रोड करायचा आहे, हे ऐकून आपण रस्त्यांची व्याख्या पाहायला सांगितलीत. सुमारे ६६० किलोमीटरचा तो रस्ता बराचसा कच्चा आहे, आणि त्यावरील खडखडाट सांध्या-सांध्यांची परीक्षा घेतो. कच्चा पण अधिकृत रस्ता चालतो, मात्र समुद्रकिनाऱ्याची वाळू किंवा फोर-व्हील-ड्राइव्हच्या वाटा चालत नाहीत, अशीही पॉलिसी असते. क्वीन्सलँडच्या क्गारी (पूर्वीचे फ्रेझर) बेटावर तर वाळूतूनच गाडी चालवावी लागते. त्याचबरोबर, खडखडाटाने हळूहळू सैल झालेला सांधा ही झीज ठरते आणि झीज कोणी भरून देत नाही, हेही आपण सांगितलेत. कॅनव्हासवरच्या बुरशीचेही तेच. पावसात ओला घडी घातलेला तंबू घरी येताच उघडून वाळवायचा, हा नियम आमच्या घरात आता पक्का झाला आहे.

नवीन पॉलिसीत वणवा, पूर आणि चक्रीवादळ यांना पहिले काही तास, बहुधा ७२ तास, संरक्षण नसते, ही बाब आपण लाल शाईने अधोरेखित केलीत. २०१९-२०च्या उन्हाळ्यातील वणवे आपण पूर्व गिप्सलँडमध्ये जवळून पाहिलेत. त्या आठवणी सांगताना आपला आवाज बदलला होता. सुट्टीला निघायच्या आदल्या दिवशी विमा घेऊ नये, यामागचे कारण आम्हाला तिथे कळले. कायद्याने किमान १४ दिवसांची मुदत असते आणि त्या काळात दावा केला नसेल तर पॉलिसी परत करता येते. तेवढ्यात माहितीपुस्तिका आम्ही पतिपत्नीने रात्री बसून पुन्हा पहिल्यापासून वाचली. कंपनीशी न मिटणारा वाद झालाच, तर २०१८पासून काम करणाऱ्या आफ्का या आर्थिक तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे ग्राहकाला विनाशुल्क तक्रार नेता येते, हेही वहीत नोंदवले आहे.

कोणती कंपनी घ्या, हे आपण शेवटपर्यंत सांगितले नाहीत, आम्ही आग्रह केला तरीही. प्रश्न मात्र पुरे सांगितलेत, आणि कंपनीला फोन लावताना शेजारी बसून राहिलात. आयुष्यभर विमादाव्यांच्या कामात घालवलेल्या माणसाने एका ओळखीच्या कुटुंबासाठी इतके करावे, याचे ऋण शब्दांत मांडणे मला जमणारे नाही. आपण वाचायला दिलेली टिपणे मी टंकलिखित केली आहेत. आपली संमती असेल तर मंडळातल्या ट्रेलर घेऊ पाहणाऱ्या इतर कुटुंबांनाही देईन. सामानाची यादी दर वर्षी नूतनीकरणाच्या आधी नव्याने करायची आहे, तेव्हा पुन्हा आपल्याला त्रास देणार आहोत. काकूंना सांगावे की त्यांनी दिलेली पुरणपोळी मुलांनी ट्रेलरमध्ये बसूनच संपवली.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृतज्ञ,
मेलबर्नमधील एक शेजारी