पाहुण्याकडे बघा की जरा!

मा. संपादक,

हल्ली मराठी चॅनलवरच्या मुलाखती बघताना एक गोष्ट फार खटकते, अँकर प्रश्न विचारतो आणि समोरचा बोलायला लागला की याचं डोकं लगेच मोबाईल नाहीतर टॅबमध्ये. परवा एका चॅनलवर एक म्हातारे शेतकरी गारपिटीत द्राक्षबाग कशी गेली ते सांगत होते, आणि अँकरबाई मान हलवत होत्या पण नजर खालच्या कागदावर, वर बघितलं ते थेट "ब्रेकनंतर भेटूच" म्हणायला, तेही कॅमेऱ्याकडे बघून. आजोबा अर्ध्या वाक्यातच थांबले बिचारे.

कानात प्रोड्यूसर बोलत असतो, वेळ संपत असते, हे मान्य. पण टेलिप्रॉम्प्टर लेन्ससमोरच्या काचेवर असतो तो प्रेक्षकांशी बोलताना वाचायला, पाहुण्याला प्रश्न वाचून दाखवायला नव्हे. मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झालं तेव्हापासूनचे आम्ही प्रेक्षक, तेव्हा साधी टेबल-खुर्ची असायची पण दोन माणसं एकमेकांशी बोलतायत असं वाटायचं तरी.

आता टक लावून बघत बसा असंही म्हणणं नाही हां, तो तर पोलीस चौकशीचा प्रकार झाला. व्हिडिओ कॉलवर पाहुणा असेल तर अजून गंमत, अँकर स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनकडे वळतो आणि आम्हाला त्याचा नुसता कान दिसतो. तो स्क्रीन कॅमेऱ्याच्या जरा जवळ लावायला काय हरकत आहे?

- एक जुना प्रेक्षक, डोंबिवली